ओच्यातली भाजी

खुरपायला गेलेली बाई दिवेलागणीला घरी यायची तेव्हा तिच्याजवळ दोन गोष्टी असायच्या. पदराच्या गाठीला रोजाचे पैसे आणि ओच्यात भाजी. पैसे दर दिवशी मिळायचे नाहीत, ते बाजाराच्या दिवशी एकदम हातात यायचे. भाजी मात्र रोजच्या रोज. माझी आई अशीच यायची. उंबऱ्यात टेकून ती ओचा सोडायची आणि पुढ्यातल्या सुपात हिरवा ढीग पडायचा. त्यात मातीची ढेकळं असायची, चुकून आलेली हराळीची काडी असायची, कधी एखादं कोवळं वाळूकही. निवडायचं काम माझं. तांदुळजा एकीकडे, कुंजर एकीकडे आणि पाथरी अगदी वेगळी, कारण पाथरी चुलीवर चढायची नाही, ती तशीच भाकरीशी खायची. पाथरीचा देठ मोडला की दुधासारखा चिक येतो. निवडून होईपर्यंत बोटांची टोकं काळी पडलेली असायची आणि दुसऱ्या दिवशी शाळेत पाटीवर लिहितानाही ती तशीच दिसायची.

माझं माहेर शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या पुढं, घोड नदीच्या अंगाला. सासर दौंड तालुक्यात, भीमा ओलांडली की पारगाव-केडगावच्या पट्ट्यात. मधलं अंतर एसटीनं तासाभराचं. पुण्याच्या पश्चिमेला घाटात पाऊस कोसळतो तेव्हा आमच्या दोन्ही तालुक्यांच्या आभाळात नुसते ढग पळताना दिसतात. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडला तरी लोक म्हणतात, औंदा बरं झालं. तरी या दोन गावांच्या जमिनीत फार फरक. माहेरची जिरायती, बाजरी-हुलगा-मटकीची. सासरी खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी, त्यामुळे नजर जाईल तिथवर ऊस. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, इथं खायला काय कमी! पहिल्या पावसाळ्यात बांधावर गेले आणि पाहिलं तर पाथरी जवळजवळ नाहीच. जिरायती रानाच्या कोरड्या, मोकळ्या मातीत ती जमिनीला पोट लावून पसरायची. इथल्या ओल्या सरीत तिला जागाच नव्हती. त्याऐवजी घोळ होती, बोटभर जाड, तांबूस देठांची, पाण्याच्या पाटाकडेला गालिचा अंथरल्यासारखी.

आईनं मला भाजी ओळखायला शिकवलं, पण त्याआधी दोन क्रियापदं शिकवली. उपटणं आणि खुडणं. दुसऱ्याच्या रानात पात धरली की उपटायचं. खुरप्याचं टोक मातीत घालून, मुळासकट, कारण त्याचेच पैसे मिळतात. मूळ राहिलं तर मालक परत बोलवत नाही. पण बांधावर, ओढ्याच्या कडेला, पडीक रानात गेलं की खुडायचं. वरची चार पानं आणि कोवळा शेंडा, बोटांच्या नखानं. खालचं झाड तसंच ठेवायचं. मी लहानपणी एकदा बांधावरचा कुंजराचा ठोंब मुळासकट ओढून काढला तेव्हा तिनं माझ्या हातावर चापट मारली होती. "आगं, ते काय मालकाचं हाय व्हय? ते आपलं हाय. आपलं उपटत्यात का कुनी?"

त्या एका वाक्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. ‘तण’ हा शब्द जमीन ज्याच्या नावावर आहे त्याचा. त्याच्या पिकाला जे नको ते तण. त्याच रोपट्याला ‘भाजी’ म्हणणारी बाई बहुतेक वेळा बिनजमिनीची किंवा एक-दीड एकर कोरडवाहूची असते. एकाच वेळी, एकाच हातानं, ती तण उपटत असते आणि भाजी गोळा करत असते. मला वाटतं, रानभाज्यांचं सगळं ज्ञान या दुहेरी कामातून तयार झालं. दिवसभर जमिनीपासून वीतभर अंतरावर डोळे असलेल्या माणसालाच कळू शकतं की कुर्डू तुरा येण्याआधी खायचा, नंतर तो चरबट होतो. काटेमाठाचं पान काटे धरण्याआधी घ्यायचं. आघाड्याची भाजी करायची तर पहिल्या पावसानंतरचे पंधरा दिवसच.

आता पाथरीविषयी, कारण तिच्याइतकी मला कुठलीच भाजी आवडत नाही आणि ती बाजारात क्वचितच दिसते. पिवळं बटणासारखं फूल, पानांना दातरे, सगळी पानं मुळाशी गोल मांडल्यासारखी. चव कडसर. आधी जिभेला कडू लागते आणि मग घासाबरोबर तो कडूपणा गोड होत जातो. बाजरीची गरम भाकरी, लसणाचा ठेचा, कच्चा कांदा आणि मूठभर धुतलेली पाथरी. शेतात जेवायला बसलं की आई पाथरी धुवायचीसुद्धा नाही, पदराला पुसायची. बाळंतिणीला पाथरी दिली की दूध वाढतं असं आमच्याकडच्या सगळ्या बाया सांगतात, गाई-म्हशींनाही त्यासाठी ती मुद्दाम टाकतात. माझ्या पहिल्या बाळंतपणात आईनं माहेरच्या रानातून ओल्या फडक्यात बांधून पाथरी आणली होती. दुधावर तिचा काय परिणाम झाला ते मी सांगू शकत नाही. पण महिनाभर नुसतं अळीव, डिंक आणि मऊ भात खाऊन विटलेल्या तोंडाला तो कडू घास लागला आणि मी पोटभर जेवले, एवढं नक्की.

घोळ मला सासूबाईंनी दिली. त्या म्हणायच्या, मोठ्या पानाची ती घोळ, बारीक पानाची ती चिवळ. माहेरी आम्ही दोन्हींना सरसकट चिवळ म्हणायचो, म्हणून सुरुवातीला आमच्या बोलण्यात रोज घोटाळा. सासूबाईंचा आणखी एक नियम होता. घोळ ताकात हाटून करायची असेल तर दुपारी खुडायची आणि डाळीत नुसती परतायची असेल तर सकाळी. कारण विचारलं तर म्हणायच्या, "सकाळची आंबाट लागती, दुपारची गोडी." मी शाळेत विज्ञान शिकवते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे मनाचे खेळ वाटले. मग एका उन्हाळ्यात, पाटाला महिनाभर पाणी नव्हतं तेव्हा, मी स्वतः पहाटे एक देठ चावला आणि दुपारी दोन वाजता त्याच ठोंबाचा दुसरा. पहाटेचा देठ चिंचेच्या पाल्यासारखा आंबट होता.

त्याचं कारण घोळीच्या जगण्यात आहे. पाणी तुटलं की ही वनस्पती दिवसा पानांची तोंडं मिटून घेते, म्हणजे उन्हात ओल उडत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड ती रात्री आत घेते आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवून ठेवते. दिवस उगवला की त्या साठ्यातून साखर तयार होते आणि दुपारपर्यंत आंबटपणा उतरतो. मॅलिक आम्ल म्हणजे कच्च्या सफरचंदाला आंबट करतं तेच. सासूबाई शाळेत कधी गेल्या नव्हत्या. पण रोपटं रात्री काय करतं ते त्यांच्या जिभेला माहीत होतं आणि त्यावरून त्या ताक घालायचं की नाही हे ठरवत होत्या. १९८६ साली अमेरिकेत आर्टेमिस सिमोपोलस आणि नॉर्मन सेलम यांनी याच घोळीत ओमेगा-३ प्रकारचं स्निग्धाम्ल भरपूर असल्याचं दाखवून दिलं, तेव्हापासून तिकडच्या आहारतज्ज्ञांच्या लिखाणात ती मानानं येते. मला मात्र त्याहून सकाळ-दुपारची ती गोष्ट मोठी वाटते.

घोळीचं दुसरं अंगही सांगायला हवं. तिच्यात ऑक्झलेट पुष्कळ असतं. सासऱ्यांना मुतखडा झाला तेव्हा डॉक्टरांनी घोळ, चाकवत, पालक हे सगळं कमी करायला सांगितलं. सासूबाईंना ते पटायला वेळ लागला, कारण घोळ थंड असते आणि थंड गोष्ट लघवीच्या विकाराला चांगली हा त्यांच्या घरचा समज. शेवटी त्यांनी सासऱ्यांच्या ताटातली घोळ बंद केली, स्वतःच्या ताटातली नाही.

ऋषिपंचमीला आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाया बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगरलेल्या जमिनीतलं नको, आपोआप उगवलेलं किंवा हातानं परसात लावलेलं चालतं. श्रावणात जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ लागते. वर्षभर ज्याला पायाखाली तुडवायचं ते एक दिवस देवापुढं जातं, ही रीत मला मनापासून आवडते.

पण हे सगळं सणाचं आणि चवीचं झालं. माझ्या आईच्या मनात या भाज्यांची दुसरी एक आठवण होती आणि ती भुकेची होती. पाहुणे आले की आई कधीही कुंजर करायची नाही. घरात दुसरं काही नसलं तर शेजारून वांगी उसनी आणायची. मी मोठी झाल्यावर विचारलं, तेव्हा तिनं १९७२ चं सांगितलं. तिचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पाझर तलावाच्या कामावर ती खडी फोडायला जायची. मिलोची भाकरी, सुकडी, टँकरचं पाणी. मला वाटलं होतं, त्या दिवसांत रानभाजीनं तारलं असेल. ती म्हणाली, नाही. पाऊसच नव्हता तर भाजी कुठून येणार? बांधसुद्धा भुंडे झाले होते. भाजी आली ती पुढच्या वर्षी, पहिला पाऊस झाल्यावर. आणि खरी भूक तेव्हाच होती. कारण पाऊस पडला म्हणून लोकांनी उसनंपासनं करून बी पेरलं, घरात मूठभर दाणा उरला नाही आणि पेरलेलं हाती यायला अजून तीन महिने. पीक गुडघ्याला लागायच्या आत, आठ-दहा दिवसांत, कुंजर आणि तांदुळजा वर आला. ते तीन महिने घरातली सात माणसं मुख्यतः त्यावर राहिली. मीठ आणि मिरची घालून उकडलेला पाला, दोन्ही वेळा. "त्याच्यानंतर मला तो वास नको झाला," आई म्हणाली. तरी ती ओच्यात कुंजर आणत राहिली, आम्हाला खाऊ घालत राहिली आणि स्वतः त्या दिवशी ठेचा-भाकरी खात राहिली. हे मला कळलं तेव्हा मी चाळिशीला आले होते.

या भागाला अशा पावसाची आणि अशा भुकेची जुनी सवय आहे. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळानंतर जी. ए. गॅमी या वनस्पतिशास्त्रज्ञानं मुंबई इलाख्यात लोक टंचाईच्या काळात कोणत्या वनस्पती खातात याची टिपणी १९०२ साली छापली. सरकारला त्याची गरज वाटली, एवढ्यावरूनच कळतं की किती लोक त्या पाल्यावर जगत होते. माझ्या सासरापासून सायकलच्या अंतरावर केडगाव आहे, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनाचं. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतल्या शेकडो अनाथ मुली आणि विधवा त्यांनी तिथं आणून सांभाळल्या. रमाबाईंनी स्वतः त्याआधी वीसेक वर्षं, १८७४ च्या सुमारास, दक्षिणेत आई-वडिलांबरोबर दुष्काळ भोगला होता. दाणे संपल्यावर अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर एवढ्यावर काढल्याचं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. रमाबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. केडगावला त्या दुष्काळातल्या मुलींना पहिल्यांदा पोटभर जेवताना पाहत असतील तेव्हा त्यांना तो झाडपाला आठवला असेल का, असं त्या रस्त्यानं जाताना माझ्या मनात दर वेळी येतं.

आणि माहेरच्या बाजूला इनामगाव आहे. घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून दहा-बारा वर्षांहून अधिक काळ उकरलेलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं आमच्या भागातली म्हातारी माणसं अजून घेतात, कारण त्यांतल्या काहींनी तिथं मजुरी केली होती. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं तिथं शेतकऱ्यांची वस्ती होती. चौकोनी घरं, बार्लीची शेती, नदीवरून आणलेला पाण्याचा पाट. आणि राखेत बोराच्या आठळ्या. शेवटच्या काळात, इसवी सनापूर्वी हजारच्या पुढं, चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. ढवळीकरांचं म्हणणं असं की हवा कोरडी होत गेली, शेती पुरेना आणि लोक पुन्हा गुरं, शिकार आणि रानातलं गोळा करणं याकडे वळले. पांढरीच्या त्या टेकाडावर आज चढलं तर खापरांच्या तुकड्यांमधून पाथरी आणि सराटे उगवलेले दिसतात. तीन हजार वर्षांपूर्वी त्या गोल झोपडीतल्या बाईनंही पहिल्या पावसानंतर ओचा भरला असेलच.

औषधांचं सांगायचं तर आमच्या घरात ती भाजीपासून वेगळी नव्हतीच. खोकल्याला अडुळसा, नायट्याला टाकळ्याचा पाला वाटून, अंगावर सूज आली की घेटुळीची भाजी. खुरपं लागून बोट कापलं तर पहिल्यांदा दगडी पाला. तो चुरगळून रस जखमेवर पिळायचा आणि चोथा दाबून धरायचा. खुरपणाऱ्या बाईला तो शोधायला लागत नाही, तो तिथंच पायाशी असतो. दगडी पाला हे मूळचं आपलं झाडच नव्हे, हे मला कॉलेजात कळलं. ते उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतून आलेलं. मला त्या दिवशी फार आनंद झाला होता. म्हणजे हे ज्ञान ऋषिमुनींपासून जसंच्या तसं चालत आलेलं नाही. परक्या मुलखातून आलेलं एक रोपटं आपल्या बांधावर उगवलं, कुणीतरी त्याला निरखलं, कधीतरी चुरगळून लावून पाहिलं, गुण आला म्हणून शेजारणीला सांगितलं. चार-पाच पिढ्यांत ते घरचं झालं, त्याला आपलं नाव मिळालं.

सगळ्याच परक्यांचं असं झालं नाही. गाजर गवत १९५५ च्या सुमारास पुण्यातच पहिल्यांदा नजरेत आलं आणि तिथून देशभर पसरलं. आमच्याकडे त्याला चटकचांदणी म्हणतात. त्याचा कुणाला काही उपयोग सापडला नाही. उलट ते उपटणाऱ्या बायांच्या हातांना, मानेला खाज सुटते, कातडी जाड आणि काळी पडते. माझ्या चुलतीचे हात असे झाले होते. उन्हात गेलं की आग व्हायची, म्हणून ती शेवटी शेवटी खुरपायला हातात जुने मोजे घालून जायची.

आणि घरच्या औषधानं मला स्वतःला एकदा मोठी इजा झाली. मी नऊ वर्षांची होते. टाचेत बाभळीचा काटा मोडला. काट्यावर रुईचा चिक लावला की काटा वर येतो, असं सगळे करायचे. आत्यानं रुईचं पान मोडून चिक लावला. त्यातला माझ्या बोटांना लागला आणि त्याच बोटांनी मी डोळा चोळला. जरा चुरचुरलं, पाणी आलं आणि थांबलं. फार दुखलं नाही, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. संध्याकाळी चिमणीच्या ज्योतीभोवती मला रंगीत कडं दिसायला लागलं आणि सकाळी उजव्या डोळ्यानं आईचा चेहरा दिसेना, नुसता पांढरा धूर. आजी म्हणाली, गाईचं तूप घाला. आईनं ऐकलं नाही. तिनं मला कडेवर घेऊन, इतकी मोठी असताना, रस्त्यापर्यंत नेलं आणि दुधाच्या गाडीतून शिरूरला. डॉक्टरांनी डोळा धुतला, औषध दिलं आणि सांगितलं की रुईच्या चिकानं बुबुळाच्या पडद्याला सूज येते. दुखत नाही म्हणून लोक घरी बसतात आणि उशीर होतो. दोन आठवड्यांनी मला नीट दिसायला लागलं. आत्या त्या दोन आठवड्यांत जेवली नाही म्हटलं तरी चालेल.

तेव्हापासून आमच्या घरात रुईला हात लावला की लगेच राखेनं हात घासून धुवायचे, हा नियम झाला. माझ्या मुलींनाही तो पाठ आहे, आणि त्यांच्यापैकी कुणी चिक काट्याला लावत नाही. घरगुती औषधांचा विचार करताना मला हा प्रसंग आठवतो आणि वाटतं, आपण फक्त गुणांची यादी सांभाळली तर अर्धंच ज्ञान सांभाळलं. किती, कुणाला, कधी नाही, हे दुसरं अर्धं. करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा उकळत होता, आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या गटावर रोज नवी कृती यायची. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मानला नाही. मी वाद सोडवू शकत नाही. पण माझ्या आईनं गुळवेल कधी चार-सहा दिवसांपलीकडे कुणाला दिली नाही, आणि महिनोन्‌महिने रोज पेलाभर काढा पिणारी माणसं मी त्या वर्षी पहिल्यांदाच पाहिली.

आता उसाचं. सासरी मी आले तेव्हा उसाची खुरपणी बाया करायच्या. लागणीनंतर तीन-चार खुरपण्या. मग टू-फोर-डी हे तणनाशक आलं आणि त्याच्या जोडीला आणखी दोन-तीन औषधं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शोधलेलं हे टू-फोर-डी मोठं विचित्र निवडक आहे. ते रुंद पानांच्या झाडांना मारतं, गवताला नाही. ऊस हे गवतच, म्हणून त्याला काही होत नाही. पण त्यामुळे हराळी आणि लव्हाळाही बऱ्यापैकी तगतो. मरतं काय? तांदुळजा, घोळ, चिवळ, कुंजर, माठ. म्हणजे ओच्यात जे यायचं नेमकं तेवढंच. फवारल्यावर तिसऱ्या दिवशी तांदुळज्याचे शेंडे पिळवटल्यासारखे वाकडे होतात, देठ फुगतात. ते पाहिलं की मला अजून कसंतरी होतं.

तरी खुरपणी गेली याचं मला वाईट वाटतं, असं मी आईसमोर कधी म्हणू शकले नाही. तिची पाठ साठीच्या आधी वाकली. दोन्ही गुडघ्यांवर तिला जमिनीचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नव्हतं. दिवसभर उकिडवं बसून पुढं सरकत राहणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं नाही त्यानं त्याचं कौतुक करू नये. माझे पती म्हणतात, चारशे रुपये रोज देऊनही बाया मिळत नाहीत, आणि एक माणूस सोळा लिटरचा पंप पाठीला लावून दोन दिवसांत रान मोकळं करतो. हिशोबात ते चूक नाहीत. बाया तरी का याव्यात? त्यांच्या मुली कुरकुंभच्या कारखान्यांत जातात, दौंडला दुकानात कामाला जातात, पंख्याखाली उभ्या राहतात. मला त्याचा आनंदच आहे.

पण एक वाक्य नवीन आलं आहे आणि ते ऐकलं की माझ्या पोटात कालवतं. अजूनही कुणी म्हातारी बाई बांधावरून जाताना घोळीचा ठोंब पाहते, वाकते, आणि हात पुढं करण्याआधी आजूबाजूला ओरडून विचारते, "हितं मारलंय का?" कुणी उत्तर दिलं नाही तर ती तशीच सरळ होते आणि पुढं जाते. पूर्वी या वाटेवरून जाणाऱ्या बाईला भाजी ओळखावी लागायची. आता भाजी ओळखून भागत नाही, शेजाऱ्यानं गेल्या आठवड्यात काय फवारलं हेही माहीत असावं लागतं. आणि ते कुठल्याही पानावर दिसत नाही.

अलीकडे कृषी विभाग ऑगस्टमध्ये, आदिवासी दिनाच्या सुमारास, तालुक्याच्या गावी रानभाजी महोत्सव भरवतो. मी जाते. टेबलांवर पांढरी कापडं, पुठ्ठ्यावर लिहिलेली नावं, गुणधर्म. शहरातली माणसं फोटो काढतात, चव घेतात. आईच्या पिढीला ज्या भाजीची लाज वाटली ती आता कुणी मांडून ठेवतं, हे मला चांगलं वाटतं. गेल्या वेळी तिथं मी कुंजराची जुडी विकत घेतली, वीस रुपयांना. आयुष्यात पहिल्यांदा कुंजराला पैसे दिले. घरी येऊन फोडणी दिली, लसूण, लाल मिरची, मूठभर मुगाची डाळ. आई त्या वेळी माझ्याकडे आली होती. तिला वाढताना हात थबकला. तिनं ताट पुढं केलं आणि म्हणाली, "वाढ थोडी." तिनं दोन घास खाल्ले. पुढं काही बोलली नाही. ताटात कुंजर उरली नव्हती, एवढं मी पाहिलं.

त्यानंतर मी पतींना विहिरीजवळच्या चार सऱ्या मागितल्या. ऊस तोच, पण तिथं मारायचं नाही. खुरपणीचा खर्च माझ्या पगारातून. ते हसले नाहीत, नुसते म्हणाले, "तुझ्या सऱ्या." पहिला पाऊस झाल्यावर त्या सऱ्यांत काय उगवतं ते पाहायला मी रोज शाळेतून आल्यावर जात होते. आधी हराळी, मग माठ, मग घोळ. पाथरी नाहीच, तिला ही जमीन मानवत नाही. जूनच्या शेवटी वस्तीवरच्या दोन बाया खुरपायला सांगितल्या. एक साठीची, दुसरी तिची सून. म्हाताऱ्या बाईनं सरीच्या तोंडाशी उभं राहून डावीकडून उजवीकडे नजर फिरवली. उसाच्या बुंध्याशी तांदुळजा कमरेला हात लावून उभा राहावा तसा दाट झाला होता.

"मारलंय का?" तिनं विचारलं.

"नाही. या चार सऱ्यांत कधीच नाही."

तिनं लुगड्याचा ओचा सोडून पुन्हा घट्ट खोचला. खुरपं हातात घेतलं, खाली बसली, तांदुळज्याच्या शेंड्याला दोन बोटं लावली आणि माझ्याकडं वर पाहिलं.

"बाई, उपटू का खुडू?"

"खुडा," मी म्हटलं आणि तिच्या शेजारच्या सरीत बसले.